राजकीय लेखन आणि मतदाराचे मत

राजकीय लेख वाचून माणूस आपले मत बदलतो, असा पुष्कळांचा समज आहे. प्रत्यक्षात असे क्वचितच घडते. १९४० च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी पॉल लाझर्सफेल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ओहायो राज्याच्या ईरी परगण्यात सहाशे मतदारांच्या पुनःपुन्हा मुलाखती घेतल्या. प्रचारामुळे पक्ष बदलणारे थोडेच आढळले. बहुतेकांचे आधीचेच मत दृढ झाले. ज्यांचे मत बदलले, त्यांच्यावर छापील मजकुरापेक्षा ओळखीच्या माणसाच्या बोलण्याचा प्रभाव अधिक होता. तो माणूस मात्र वृत्तपत्रे वाचणारा होता.

मग लेखनाचे सामर्थ्य कशात? कोणता प्रश्न महत्त्वाचा, हे ते ठरविते. १५ नोव्हेंबर १९५६ रोजी आचार्य अत्रे यांनी ‘मराठा’ दैनिक सुरू केले. १९५७ ची निवडणूक पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर लढली गेली व काँग्रेसची तेथे पीछेहाट झाली. रोष आधीपासूनच होता. ‘मराठा’ने त्याला रोज नवी धार दिली. (अत्र्यांची बोचरी भाषा सर्वांस रुचली असेल असे नाही.)

त्याच महिन्याच्या १ तारखेस हैदराबाद राज्याचे विभाजन होऊन नार्नूरचा मुलूख आंध्र प्रदेशात गेला. २०१४ पासून तो तेलंगणात आहे. येथे मराठी, गोंडी वा लंबाडी बोलणाऱ्यापुढे तेलुगू पत्रक आले, म्हणजे ते कोणीतरी समजावून द्यावे लागते. सांगणारा काय गाळतो, कोणत्या शब्दावर जोर देतो, यातच निम्मे मत घडते. मंडळीत हे काम सहजच पाळकाकडे अथवा धर्मशिक्षकाकडे येते.

यास कायद्याची मर्यादा आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३ अन्वये, उमेदवाराने किंवा त्याच्या संमतीने अन्य कोणी मतदारास दैवी कोपाचे अथवा धार्मिक बहिष्काराचे भय घालणे हा भ्रष्टाचार ठरतो. धर्म, जात वा भाषेच्या नावाने मत मागणेही तसेच. २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी असा निर्णय दिला की, यात उमेदवाराचाच नव्हे, तर मतदाराचाही धर्म येतो.

याच कायद्याच्या कलम १२७अ प्रमाणे निवडणूक-पत्रकावर मुद्रक व प्रकाशक यांचे नाव-पत्ता असलाच पाहिजे. अर्थ सांगण्यापूर्वी ती नावे वाचून दाखवावीत. भ्रमणध्वनीवर फिरत येणाऱ्या मजकुरावर ती बहुधा नसतात. तो कोणी लिहिला हे आपणासही ठाऊक नाही, असे ऐकणाऱ्यास स्पष्ट सांगावे.