टिनाच्या शेडवरची फिरकी



लोकमान्य नगरकडे येणाऱ्या मेट्रोतून हिंगणा एमआयडीसीकडे नजर टाकली, की टिनाच्या छपरांवर चकाकणारे, कांद्याच्या आकाराचे घुमट गरगर फिरताना दिसतात. हे टर्बो व्हेंटिलेटर. पुष्कळ जणींना वाटतं, हा पंखा वरून थंड हवा आत सोडतो. तसं नाही. तो आतली गरम हवा बाहेर काढतो, आणि त्यासाठी वीज लागत नाही.

उन्हात टिन तापतं, इतकं की हात टेकवत नाही. त्याखालची हवा तापून हलकी होते, वर चढते आणि छपराखाली कोंडून राहते. आपल्या आजीच्या कवेलूच्या घरात ही हवा कवेलूंच्या फटींतून आपोआप निघून जायची. टिनाला फटी नाहीत. म्हणून छपराच्या सर्वांत उंच भागात भोक पाडून वर हा घुमट बसवतात. त्याच्या वाकड्या पात्यांवर वारा आपटला की तो फिरतो आणि खालची हवा ओढून बाहेर टाकतो. वारा पडला तरी काम अगदी थांबत नाही, कारण गरम हवेला वर जायचंच असतं आणि तिला आता वाट मिळालेली असते. मात्र तेव्हा हवा कमी निघते. ‘एक घुमट इतकी हवा काढतो’ असा आकडा विकणारा सांगतो, तेव्हा तो किती वेगाच्या वाऱ्याला धरून आहे हे विचारायलाच हवं.

आता खरी गोम. नागपूरकरणीला कूलर शिकवावा लागत नाही. कूलर लावून दारं-खिडक्या घट्ट बंद केल्या, की अर्ध्या तासात घर कसं चिकट होतं, ते आपण जाणतो. हवा आत येते, पण बाहेर जायला वाट नसते. शेडमध्ये नेमकं उलट होतं. वर सहा-आठ घुमट बसवतात आणि खाली शटर ओढलेलं, खिडक्यांसमोर मालाची खोकी रचलेली. मग घुमट ओढणार काय? हवा आत यायला खाली, कमरेच्या उंचीच्या आसपास, जाळीच्या मोकळ्या जागा हव्यात. त्या शक्यतो सावलीच्या बाजूला असाव्यात. घुमटाला लागूनच वरची खिडकी उघडी असेल, तर तो तिथलीच हवा ओढतो आणि खाली काम करणारीला काहीच मिळत नाही.

हे तपासायला इंजिनिअर नको. पातळ कागदाची पट्टी खालच्या जाळीपाशी धरा. ती आतल्या बाजूला झुकली तर हवा येते आहे. लोंबकळत राहिली तर वरची फिरकी नुसती शोभेची.

पण या फिरकीकडून भलती अपेक्षाही नको. नवतप्यात बाहेरच ४५ अंश असेल, तर आत येणारी हवा त्याहून गार कशी असेल? शेडमध्ये बाहेरच्यापेक्षा जास्त कोंडणारी उष्णता तेवढी ती काढते. शिवाय तापलेल्या टिनाची धग थेट डोक्यावर उतरते, चुलीसमोर बसल्यावर चेहऱ्याला लागते तशी. ती हवा खेळवून जात नाही. त्यासाठी छपराला ऊन परतवणारा पांढरा रंग द्यावा लागतो, नाहीतर आतून उष्णतारोधक थर लावावा लागतो. आमचं स्पष्ट मत आहे, की पैसे थोडे असतील तर घुमटांची संख्या वाढवण्याआधी छपराला पांढरा रंग द्यावा. मिरचीच्या गिरणीतली धूळ किंवा रसायनाचा वास काढायलाही घुमट पुरत नाही. ती धूळ वर पोचण्याआधी आपल्या नाकातून गेलेली असते. तिथं ती उठते त्याच जागी खेचून घेणारा पंखा लागतो.

रात्री मात्र या फिरकीची खरी कमाई असते. बाहेरची हवा उतरते, वीजबिल नसल्यामुळे फिरकी कोणी बंद करत नाही, आणि खालच्या जाळ्या उघड्या असतील तर सकाळच्या पाळीला शेड निवलेली मिळते.

हे मागणं म्हणजे मालकाकडे चैन मागणं नव्हे. १९४८ च्या कारखाने कायद्यातच, कलम १३ मध्ये, लिहिलं होतं की ताजी हवा खेळती हवी आणि भिंती-छप्पर असं असावं की आतलं तापमान शक्य तितकं कमी राहील. अगदी लहान युनिटांना तो कायदा लागू नव्हता, आणि पॅकिंगच्या, मसाल्याच्या कामाला आपल्यातल्या कितीतरी जणी अशाच युनिटांत जातात. तिथं एकटीनं बोलण्यापेक्षा पाच जणींनी मिळून, कागदाची पट्टी दाखवून बोललेलं बरं.

आणखी एक गोष्ट, जी छपरावर दिसत नाही. शेडमध्ये धड संडास नसला, की बाई पाणी पिणंच कमी करते. अशा उकाड्यात हे जिवावर बेतू शकतं. चक्कर, मळमळ, डोकेदुखी सुरू झाली की काम थांबवून सावलीत बसा आणि पाणी प्या. एखादी असंबद्ध बोलू लागली, शुद्ध हरपू लागली, तर उष्माघात समजा. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत तिचं अंग गार पाण्यानं भिजवत राहा, वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

देखभालीचं थोडं. घुमट कुरकुरू लागला किंवा वारा असूनही अडकला, तर त्याचं बेअरिंग गेलेलं असतं. बुडाशी लावलेला मसाला तडकला, की पहिल्याच पावसात खाली माल भिजतो. हे होळीच्या आधी पाहून घ्यायला सांगा. पण दुरुस्तीला तुमच्यापैकी कोणी, किंवा शेडमधल्या एखाद्या पोराला, सहज वर चढवू नका. सिमेंटचे जुने पत्रे आणि उजेडासाठी बसवलेले प्लास्टिकचे पत्रे पायाखाली फुटतात. हे काम फळ्या टाकून, कमरेला पट्टा बांधून, जाणत्या माणसानंच करायचं.