वेळेवर सुटणारं बूच

देऊळगाव राजाला आमच्या बचत गटाच्या बैठकीत हिशेब आटोपले की बायका घरातल्या अडचणी काढतात. मागे एकीने कुकरचं झाकणच पिशवीत घालून आणलं. सेफ्टी व्हॉल्व्ह गेलेला आणि त्या भोकात नट-बोल्ट घट्ट आवळलेला! "दहा रुपयांत काम झालं बघा ताई, वाफ जराही जात नाही," असं ती कौतुकाने सांगत होती. माझ्या अंगावर काटाच आला.

मैत्रिणींनो, बूच म्हणजे आतलं आत कोंडून ठेवणारी वस्तू, असं आपण समजतो. बाटलीचं बूच, नळाचं वायसर, कुकरची रिंग, सगळ्यांचं काम तेच. रिंगमुळे वाफ कोंडते, दाब वाढतो आणि एरवी १०० अंशांना उकळणारं पाणी जवळपास १२० अंशांपर्यंत तापतं. म्हणून तर तुरीची डाळ पटकन शिजते. दवाखान्यात अवजारं निर्जंतुक करणारं ऑटोक्लेव्ह यंत्रही याच तत्त्वावर चालतं.

सेफ्टी व्हॉल्व्हचं काम मात्र उलटं. ते बूच वेळ आली की सुटावं म्हणूनच बसवलेलं असतं. बऱ्याच कुकरमध्ये त्यात लवकर वितळणारा मिश्रधातू असतो. शिटीची नळी डाळीच्या सालाने बुजली किंवा पाणी आटलं, की तो वितळतो आणि वाफेला वाट मिळते. तिथे बोल्ट ठोकला तर वाफ झाकणच उडवणार! कुकरचा पूर्वज १६७९ मध्ये डेनिस पॅपिन या फ्रेंच शास्त्रज्ञाने बनवला. त्यालाही सुरक्षेची झडप बसवावी लागलीच.

तेव्हा एवढं करा. कुकर लावण्याआधी शिटीची नळी उजेडाकडे धरून आरपार दिसते का ते बघा. रिंग सैल किंवा कडक झाली तर दोरा न गुंडाळता नवी आणा. शिटीवर वजन ठेवू नका. व्हॉल्व्ह उडाला तर आधी गॅस बंद करा, कुकर थंड होऊ द्या, कारण शोधा आणि त्याच कंपनीचा नवा व्हॉल्व्ह बसवून घ्या.

घरातल्या मोटारसायकलचा ब्रेक बिघडला तर कोणी पैशांकडे बघत नाही. मग रोज ज्या कुकरसमोर आपण उभ्या राहतो, त्याच्या ब्रेकवरच काटकसर कशाला?