छोटी आगगाडी, मोठा अभ्यास : मॉडेल रेल्वेच्या दुकानात मुलांना का न्यावं?



अक्कलकोटच्या मुलांना आगगाडी काही नवीन नाही. अक्कलकोट रोड स्टेशन गावापासून लांब असलं तरी सोलापूर-वाडी मार्गावरच्या गाड्या सगळ्यांनी पाहिलेल्या असतात. पण सांधा कसा बदलतो, गाडी वळणावर रूळ का सोडत नाही, हे जवळून पाहायला मिळत नाही. मिळूही नये, कारण रूळ ही मुलांनी जायची जागाच नाही. इथेच मॉडेल रेल्वे उपयोगी पडते.

खेळणं आणि मॉडेल यांतला फरक

जत्रेत मिळणारी प्लॅस्टिकची गाडी म्हणजे खेळणं. तिचं इंजिन लांबीला कितीही आणि उंचीला कितीही असतं. मॉडेलमध्ये मात्र प्रत्येक माप एकाच प्रमाणात लहान केलेलं असतं. जगात सर्वांत जास्त चालणारं प्रमाण १:८७ आहे, त्याला 'एचओ' म्हणतात. त्याहून लहान 'एन' प्रमाण साधारण १:१६० असतं.

म्हणजे गुणोत्तर-प्रमाणाचा धडा आपल्या हातात आला! आजच्या एलएचबी डब्याची लांबी सुमारे २४ मीटर. त्याला ८७ ने भागलं की साधारण २७.५ सेंटीमीटर येतात, म्हणजे एका फूटपट्टीत मावणारा डबा. पुणे ते सोलापूर हा सुमारे २६० किलोमीटरचा लोहमार्ग याच प्रमाणात केला तर किती होईल? जवळजवळ ३ किलोमीटर! मुलांना वाटतं, 'छोटं केलं म्हणजे टेबलावर मावेल.' हे उत्तर काढल्यावर त्यांचे डोळे मोठे होतात.

आपल्या जिल्ह्याची गाडी

आता रुळांमधलं अंतर घेऊ. आपल्या ब्रॉडगेजमध्ये ते १६७६ मिलिमीटर असतं. १:८७ ने ते सुमारे १९.३ मिलिमीटर यायला हवं. पण एचओच्या रुळांमध्ये अंतर असतं १६.५ मिलिमीटर. कारण हे प्रमाण परदेशातल्या १४३५ मिलिमीटरच्या रुळांवरून ठरलं. म्हणून भारतीय इंजिनाचं मॉडेलही बहुधा थोड्या अरुंद रुळांवर धावतं. ही तफावत मुलांनी स्वतः गणित करून शोधावी, आपण आधी सांगू नये.

सोलापूर जिल्ह्यासाठी तर आणखी छान उदाहरण आहे. बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली. एव्हरर्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने ती ७६२ मिलिमीटरच्या नॅरोगेजवर उभारली. पुढे ती पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत गेली. या शतकात तो मार्ग टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाला. ७६२ ला ८७ ने भागा : ८.७६, म्हणजे जवळजवळ ९ मिलिमीटर. 'एन' प्रमाणाच्या रुळांमध्येही ९ मिलिमीटरच असतात! त्यामुळे 'एन'चे रूळ वापरून बार्शीच्या गाडीचं मॉडेल १:८७ मध्ये करता येतं. आजोबांनी ज्या गाडीने पंढरीची वारी केली, ती नातू शाळेत तयार करू शकतो.

वीज समजून घ्यायची तर

साध्या एचओ गाडीत दोन्ही रुळांतून साधारण १२ व्होल्टपर्यंतचा डीसी प्रवाह जातो. चाकांमधून तो मोटरपर्यंत पोचतो. व्होल्टेज वाढवलं की वेग वाढतो. दोन्ही तारांची अदलाबदल केली की गाडी उलटी धावते. रुळांवर धूळ बसली की गाडी अडखळते, कारण परिपथ तुटतो. फळ्यावर अर्धा तास शिकवलेला परिपथ इथे दोन मिनिटांत कळतो.

कुठे जायचं?

अशी दुकानं आपल्याकडे फार थोडी आहेत. अक्कलकोटहून सहलीत नेण्यासारखं ठिकाण म्हणजे पुण्यात कोथरूडला असलेलं जोशी यांचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय. भाऊ जोशी यांनी आपल्या छंदातून ते उभं केलं आणि १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुलं केलं. तिथे अख्खं छोटं शहर मांडलेलं आहे, त्यात वेगवेगळ्या गाड्या सिग्नलप्रमाणे चालतात. मॉडेल विकतही मिळतात, म्हणजे संग्रहालय आणि दुकान एकाच छताखाली. पुण्याच्या सहलीत शनिवारवाडा, केळकर संग्रहालय ठरलेलं असतं. त्यातच एक तास इथे काढता येईल. निघण्याआधी फोन करून वेळ आणि एका वेळी किती मुलं चालतील ते विचारून घ्या.

नुसतं बघून येऊ नका

आता मुद्द्याची गोष्ट. छंदाचं दुकान किराण्याच्या दुकानासारखं चालत नाही. एखादं इंजिन महिनोन्‌महिने कपाटात पडून राहतं. दुकानदार मात्र गिऱ्हाइकाला अर्धा-अर्धा तास समजावून सांगतो : कोणता रूळ कशाला जोडायचा, जळलेली मोटर बदलता येईल का. बरेचजण हे सगळं ऐकून घेतात, खोक्याचा फोटो काढतात आणि शंभर रुपये स्वस्त म्हणून ऑनलाइन मागवतात. त्या शंभर रुपयांत दुकानदाराचं ज्ञान धरलेलं नसतं. असं एक दुकान बंद झालं की मुलांच्या प्रश्नांना उत्तर देणारा माणूसही हरवतो, आणि तो ऑनलाइन मिळत नाही.

महागडं इंजिन घ्यायलाच हवं असं नाही. पुढचं एवढं जमेल :

- तिकीट असेल तिथे ते आनंदाने काढावं, सवलतीसाठी घासाघीस करू नये.
- शाळेसाठी रुळाचा एखादा तुकडा किंवा एक मालडबा घ्यावा. मापं घ्यायला तेवढं पुरतं.
- बिघडलेली गाडी फेकू नये, दुरुस्तीला न्यावी.
- वाढदिवसाला चार नातेवाइकांनी मिळून एकच चांगली वस्तू द्यावी.
- दुकानदाराची परवानगी घेतल्याशिवाय मुलांनी मॉडेलला हात लावू नये.

१४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, ते पाहून घ्या. लहान सुटे भाग धाकट्या भावंडांपासून दूर ठेवा. घरातल्या विजेच्या बोर्डाशी जोडणी मोठ्या माणसानेच करावी.

परतल्यावर वर्गात

१. पुठ्ठ्याचं अक्कलकोट रोड स्टेशन १:८७ मध्ये करायचं आहे. दीड मीटर उंचीचा प्रवासी किती उंच दाखवाल?
२. १८ एलएचबी डब्यांची गाडी एचओमध्ये किती लांब होईल? ती आपल्या वर्गात मावेल का?
३. रूळ गोल फिरवून परत त्याच रुळाला उलट दिशेने जोडले, तर डावा रूळ उजव्याला चिकटेल. मग विजेचं काय होईल?

तिसऱ्या प्रश्नावर मुलं अडली तर उत्तर सांगून टाकू नका. प्रश्न वहीत लिहून ठेवायला सांगा. पुढच्या वेळी दुकानात गेल्यावर तो काउंटरवर मुलांनीच विचारावा.