उभा ट्रॅक्टर चालू करण्यापूर्वी

सभासद बंधूंनो, गळीत हंगाम तोंडावर आला की वर्षभर शेडात उभा राहिलेला जुना ट्रॅक्टर आठवतो. मेहरूणला काय नि इतरत्र काय, दुसऱ्या ट्रॅक्टरला बांधून ओढायचा आणि चालू करायचा, ही आपली सवय. ती महागात पडते. उभ्या इंजिनातले ऑईल खाली उतरते, बेअरिंग कोरडी पडतात. सिलिंडरमध्ये पाणी गेले असेल तर ते दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉडच वाकतो.

आधी ऑईलची पट्टी पाहा. ऑईल दुधाळ असेल तर त्यात पाणी आहे. इंजिन फिरवू नका. एअर क्लीनरात उंदरांचे घर नाही ना, ते बघा. टाकीच्या तळचे पाणी व गाळ सोडा, डिझेल फिल्टर बदला. गिअर न्यूट्रल करून नोझल उतरवा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑईल टाकून रात्रभर राहू द्या. सकाळी इंजिन हाताने फिरवा. अडले तर जोर करू नका, मिस्त्रीला बोलवा.

मोकळे फिरले तर नोझल बसवा, बुडबुडे थांबेपर्यंत हातपंपाने एअर काढा. स्टॉप ओढून सेल्फ थोडा थोडा मारा, म्हणजे ऑईल वर चढेल. मग शेडाचे दार उघडे ठेवून चालू करा. ऑईल प्रेशरचा काटा लगेच उठला नाही, तर तात्काळ बंद करा.

एक दिवस गेला तरी चालेल. इंजिन बांधायला गेले, तर तोडलेला ऊस फडातच वाळेल.