दुसऱ्याचे दुःख आणि आपले अश्रू

कादंबरीची शिफारस करताना आपल्याकडे एक प्रशस्तिपत्र हमखास दिले जाते : वाचताना डोळे भरून आले. सांगणारा हे मनापासून सांगतो आणि ऐकणाराही लगेच ते पुस्तक मागून घेतो. पण थोडा विचार केला तर ह्या प्रशस्तिपत्राने फारसे काही सांगितले जात नाही असे दिसून येईल. अगदी सामान्य चित्रपटातही सनईचे सूर सुरू झाले आणि मुलगी सासरी निघाली की प्रेक्षागृहात रुमाल बाहेर पडतात. ते अश्रू खोटे नसतात. परंतु ते कशासाठी आले, आणि आल्यावर त्यांनी आपल्याला कोठे नेले, हा प्रश्न शिल्लकच राहतो. हृदयाला हात घालणाऱ्या कथा-कादंबऱ्यांविषयी, लिहिल्या गेलेल्या आणि अजून लिहिल्या जायच्या अशा दोन्हींविषयी, एक वाचक म्हणून मला जे वाटते ते ह्या प्रश्नाच्या अनुरोधाने मांडावे असा विचार आहे.

दुःखाच्या वर्णनातून वाचकाला आनंद कसा होतो, हा आपल्या साहित्यशास्त्रातला जुना वाद आहे. १९२१ साली बडोद्याच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून बोलताना न. चिं. केळकरांनी त्यावर 'सविकल्प समाधी' ही कल्पना पुढे मांडली. वाचक पात्राशी तन्मय होतो, पण स्वतःला पुरता विसरत नाही. आपण आपणच राहून काही काळ दुसरेही होतो, आणि ह्या दुहेरी जगण्यातच वाङ्मयाचा आनंद आहे, असा तिचा आशय. मला ही कल्पना कसोटी म्हणूनही उपयोगी वाटते. काही अश्रू असे असतात की त्यांत दुसरे कोणी नसतेच; कादंबरीतल्या आईच्या निमित्ताने आपण आपल्याच आईसाठी रडून घेतो. काही अश्रू मात्र आपल्याला आपल्या उंबरठ्याबाहेर नेतात आणि ज्याच्याशी आपला काडीचाही संबंध नाही अशा माणसाच्या जागी उभे करतात. थोर भावनात्मक वाङ्मयाची खूण ह्या दुसऱ्या प्रकारच्या अश्रूंत आहे.

ह्या दृष्टीने विचार करू लागले की कलकत्त्याच्या नैर्ऋत्येला हुगळीच्या काठी वसलेल्या खिदिरपूरची आठवण होते. आज हे नाव गोदी, मालगाड्या आणि गजबजलेला बाजार ह्यांच्याशी जोडले गेले आहे. तेथील गोदी १८९२ साली सुरू झाली. पण त्याआधी ही कवींची वस्ती होती. रंगलाल बंद्योपाध्याय आणि हेमचंद्र बंद्योपाध्याय हे एकोणिसाव्या शतकातील दोन नामवंत बंगाली कवी येथे राहिले. आणि सदर दिवाणी अदालतीतील वकील राजनारायण दत्त ह्यांच्या येथील घरात त्यांच्या मुलाचे बालपण गेले. तो मुलगा म्हणजे मायकेल मधुसूदन दत्त.

१८४३ साली मधुसूदनांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि खिदिरपूरचे घर त्यांना दुरावले. पुढे ते मद्रासला गेले. १८५६ साली कलकत्त्यास परत आले, तेव्हा आईवडील दोघेही ह्या जगात नव्हते. त्यानंतर पाच वर्षांनी, १८६१ साली, त्यांचे 'मेघनादवध काव्य' प्रसिद्ध झाले. रामायणातल्या विजयाची बाजू आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. मधुसूदनांनी वाचकाला लंकेच्या बाजूला नेऊन बसविले. पूजेला बसलेला, हाती शस्त्र नसलेला मेघनाद मारला जातो आणि शेवटी मुलाच्या चितेपाशी उभा असलेला रावण आपल्याला दिसतो. तेथे तो दहा तोंडांचा राक्षस राहत नाही; तो पुत्र गमावलेला बाप असतो. बापापासून दुरावलेल्या मुलाने बापाचा शोक लिहावा ह्यात त्याच्या स्वतःच्या आयुष्याचा अंश किती होता, हे सांगणे कठीण आहे. परंतु रावणासाठी ज्याच्या डोळ्यांत पाणी आले, त्या वाचकाचे मन एका रात्रीत केवढे रुंदावले असेल! ज्याचा द्वेष करण्याची पिढ्यान्‌पिढ्या सवय लागली त्याच्यासाठी रडायला लावणे, ही करुणेची खरी शक्ती होय.

आपण मराठी माणसांनी तर हे विशेष ध्यानात घ्यावे. अठराव्या शतकाच्या पाचव्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या. त्यांच्या भीतीने १७४२ साली कलकत्त्याभोवती 'मराठा खंदक' खणायला घेतला गेला, आणि मुलांना झोपवताना बंगाली आया बर्गी येतील म्हणून अंगाईत सांगू लागल्या. हे बर्गी म्हणजे आपलेच बारगीर. बंगालच्या पाळण्यापाशी मराठी माणूस असा भीतीच्या रूपाने उभा होता. मग विसाव्या शतकात मराठी घरांमध्ये बंगाली माणूस कोणत्या रूपाने आला? तो शरच्चंद्र चट्टोपाध्यायांच्या कादंबऱ्यांतून आला, आणि मामा वरेरकरांच्या अनुवादांनी त्याला मराठी बोलायला शिकविले. ज्या मुलखावर आपले घोडे गेले, त्या मुलखातल्या विधवांसाठी, अपमानित सुनांसाठी आणि भणंग तरुणांसाठी मराठी वाचक हळहळला. दोन प्रांतांमधला जो हिशेब कोणत्याही तहाने मिटला नसता, त्यातला थोडा तरी कादंबरीने मिटविला, असे मला वाटते.

शरच्चंद्रांची ही शक्ती कशात होती? १९०७ साली 'भारती' मासिकात 'बडदिदी' क्रमशः येऊ लागली, तेव्हा पहिल्या हप्त्यांवर लेखकाचे नाव नव्हते. हे लिखाण रवींद्रनाथांचेच असणार, अशी पुष्कळांची समजूत झाली. खरा लेखक त्या वेळी दूर रंगूनमध्ये कचेरीत कारकुनी करीत होता. १९०३ साली तो कलकत्त्याहून बोटीने ब्रह्मदेशाला गेला होता. ह्या प्रवासाचे पडसाद 'श्रीकान्त'च्या दुसऱ्या भागात उमटले आहेत. प्लेगच्या तपासणीसाठी बोटीच्या उतारूंना मेंढरांसारखे रांगेत उभे केले जाते. आणि ही मानहानी लेखक रडून सांगत नाही, तर किंचित हसत, स्वतःलाही त्या रांगेत धरून सांगतो. वाचकाच्या घशात आवंढा येतो तो ह्या हसण्यामुळे. लेखक स्वतःच रडू लागला की वाचकाला करायला काही उरत नाही. लेखकाने हुंदका आवरला म्हणजे तो वाचकाकडे सोपविला जातो. शरच्चंद्रांच्या अनेक अनुकरणकर्त्यांनी त्यांचे अश्रू उचलले, पण हा आवर त्यांना उचलता आला नाही. म्हणून त्यांच्या कादंबऱ्या वाचताना भिजल्या आणि लवकरच वाळून गेल्या.

मराठीतही हाच अनुभव येतो. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' 'करमणूक' पत्रातून १८९० पासून हप्त्याहप्त्याने येऊ लागली. यमूला तिची कहाणी तिच्याच साध्या बोलीत सांगू देण्याचे धैर्य हरिभाऊंनी दाखविले, आणि पुढचा अंक केव्हा येतो ह्याची वाट पाहणाऱ्या घरांना आपल्या माजघरातली यमू दिसू लागली. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. तिच्यात अश्रू उघडपणे वाहतात, हे खरे. परंतु न्हाऊन आलेल्या मुलाच्या ओल्या पायांना माती लागू नये म्हणून दगडावर पसरलेला तो आईचा पदर आपल्याला आठवतो. भावनेला पाय टेकायला अशी एखादी वस्तू लागते. आणि १९६० साली आलेल्या उद्धव शेळके ह्यांच्या 'धग' मध्ये तर वऱ्हाडी बोलीतली कौतिक संसार सावरण्यासाठी झगडत राहते, आणि लेखक तिच्यासाठी एकही उसासा टाकत नाही. दारिद्र्य तेथे रोजचे आहे, म्हणून त्याचा उच्चारही रोजच्या आवाजात होतो. तो साधा आवाजच अंगावर काटा आणतो.

आजच्या स्थितीत मला चिंता वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. पुस्तक हाती येण्यापूर्वीच त्याची जाहिरात येते, आणि ही कादंबरी तुम्हांला रडविल्यावाचून राहणार नाही, असे आश्वासन तिच्यात दिलेले असते. 'करमणूक'च्या वाचकालाही वाट पाहावी लागे. पण तो यमूची वाट पाहत होता, स्वतःच्या रडण्याची नव्हे. आपण कोणत्या पानावर रडणार हे आधीच ठरले असेल तर त्या रडण्यात दुसऱ्या माणसाला शिरायला वाव कोठून मिळणार? दुःख हा सुखाचा एक प्रकार होऊन बसतो, आणि पुस्तक मिटले की मन स्वच्छ, हलके आणि पूर्वीइतकेच अरुंद राहते.

मग ज्या कादंबरीची वाट पाहावी ती कोणती? ह्याचे उत्तर शोधताना मी पुन्हा खिदिरपूरच्या काठाशी येतो. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत ह्या परिसरातील डेपोंतून करारबद्ध मजूर, म्हणजे गिरमिटिये, मॉरिशस, डेमेरारा, त्रिनिदाद, फिजी, सुरिनाम येथील उसाच्या मळ्यांकडे पाठविले गेले. १८७३ साली 'लल्ला रूख' हे जहाज सुरिनामकडे जाणाऱ्या पहिल्या मजुरांना घेऊन येथून निघाले. १९१६ पर्यंत सुमारे ३४ हजार माणसे त्या एकट्या देशात गेली. आज सुरिनाम घाटावर त्यांची स्मृती म्हणून गाठोडे घेतलेल्या एका जोडप्याचा पुतळा उभा आहे. त्यांतील पुष्कळांना अक्षरओळख नव्हती. जहाजाच्या नोंदवहीत नाव, वय, गाव, जात आणि अंगावरची खूण एवढे लिहिले गेले. गाठोड्यात काय होते, हे कोणी लिहिले नाही.

ते लिहिणे हे कादंबरीचे काम आहे. मॉरिशसचे अभिमन्यू अनत ह्यांनी 'लाल पसीना' ह्या १९७७ सालच्या हिंदी कादंबरीत त्याला हात घातला. अमिताव घोष ह्यांनी २००८ साली 'सी ऑफ पॉपीज' ह्या इंग्रजी कादंबरीत कलकत्त्याहून निघालेल्या अशाच एका जहाजाची कथा सांगितली. आणि हा विषय आपल्याला परका नाही. मुंबई बंदरातून कोकणातली माणसेही एकोणिसाव्या शतकात मॉरिशसला गेली. त्यांचे वंशज आजही तेथे स्वतःला मराठी म्हणवितात आणि गणपती बसवितात. त्यांच्या पणजीने किनारा दिसेनासा होताना काय पाहिले, कोणती ओवी तिने पुढल्या पिढीला दिली आणि कोणती ती स्वतःही विसरली, हे सांगणाऱ्या मराठी कादंबरीची मला ओढ आहे. आजही रोजगारासाठी गाव सोडून निघालेला माणूस आपल्या शेजारी, रेल्वेच्या डब्यात, गाठोडे मांडीवर घेऊन बसलेला असतो. त्याचीही कादंबरी ह्याच कुळातली.

ती लिहिणाऱ्याकडे वाचक म्हणून माझी एवढीच मागणी आहे, की त्याने मला रडविण्याचा प्रयत्न करू नये. त्याने ते गाठोडे सोडावे आणि आत काय आहे ते एकेक करून नीट दाखवावे. मधुसूदनांच्या वाचकाला रावण जितका दूरचा होता, तितका दूरचा माणूस आजही आपल्यापैकी प्रत्येकाच्या मनात कोठेतरी आहे. ज्या दिवशी एखादी कादंबरी त्याच्यासाठी आपले डोळे ओले करील, त्या दिवशी "वाचताना डोळे भरून आले" हे प्रशस्तिपत्र खऱ्या अर्थाने द्यावे.