काठी एक, लाकडं दोन!

टीव्हीवर बिलियर्ड्स किंवा स्नूकरचा खेळ पाहिलाय ना? खेळाडूच्या हातातल्या त्या लांब, निमुळत्या काठीला 'क्यू' म्हणतात. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्यात बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेते झाले, ते अशीच काठी चालवून.

ही काठी नीट न्याहाळा. पुढचा भाग पांढुरका, मागचा काळाभोर. पुढे अ‍ॅश किंवा मेपलचं सरळ, लवचिक लाकूड. मागे वजनदार आबनूस. आबनूस परका वाटला? अहो, आपल्या मेळघाटातली टेंभुर्णी त्याच कुळातली! जुन्या टेंभुर्णीचा गाभाही काळाच असतो.

मग ही दोन लाकडं जोडतात कशी? सरळ आडवी कापून चिकटवली, तर जोड लवकर सुटेल. कडब्याची पेंढी आठवा. लाकूडही तसंच, बारीक नळ्यांची जुडी. आडव्या कापावर नुसती नळ्यांची तोंडं असतात. सरस आत मुरतो, पकड कच्ची राहते. नळ्यांच्या अंगाला मात्र सरस घट्ट धरतो.

म्हणून कारागीर पांढऱ्या लाकडाचं मागचं टोक चारही बाजूंनी लांब तिरकं रंधतो, पाचरीसारखं. आधी समोरासमोरच्या दोन बाजूंना काळे तुकडे सरसाने चिकटवून शिकंज्यात आवळतो. ते वाळले की उरलेल्या दोन बाजूंना. मग सगळं रंधून गोल करतो. तेव्हा पांढऱ्यावर काळ्याच्या चार जिभा उमटतात. ती रंगवलेली नक्षी नव्हे, तो जोडच आहे! रंधा जरा चुकला की जिभा लहानमोठ्या होतात. चूक लपतच नाही.

आपल्या बैलगाडीच्या चाकात तर सरसही नसतो. आऱ्यांची टोकं तुंब्याच्या खाचांत ठोकून बसवतात. वरून तापवलेली लोखंडी धाव चढवून पाणी ओततात. धाव आकसते आणि सगळे सांधे आवळते. अकोल्याच्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या कापूस आला, तो अशाच सांध्यांच्या भरवशावर.

आता घरी एक गंमत करा. आईबाबांकडून एक गाजर सरळ आणि तेवढंच जाड दुसरं लांब तिरकं कापून घ्या. दोन्ही काप कागदावर ठेवून पेन्सिलीने गिरवा. सरसाला जास्त जागा कुठे मिळेल? यापुढे कुणी म्हणालं, "जोडलेलं आहे, टिकायचं नाही," तर विचारा, "जोडलंय कसं, ते आधी दाखवा!"