गाडीचा खुबा जपा : पुढच्या चाकाचा बॉल जॉइंट अकाली का जातो?



शेतीच्या पत्रिकेत मोटारगाडीचा विषय कसा, असे आपणांस वाटेल. पण मुरबाड, शहापूर, भिवंडी, कल्याण, अंबरनाथ या आपल्या तालुक्यांत गाडी हे आता शेतीचेच एक अवजार झाले आहे. घरच्या भेंडी-काकडीची खोकी कल्याणच्या बाजार समितीत पोचवायची ती गाडीने, खताच्या पिशव्या आणायच्या त्या गाडीने, आणि रात्री-अपरात्री बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचे तेही त्याच गाडीने. नांगराचा फाळ झिजला तर नांगरट बिघडते. गाडीचा एक लहानसा सांधा झिजला तर जिवावर बेतते. त्या सांध्याची ही माहिती आहे.

मुरबाड तालुक्यात माघ महिन्यात भेंडीच्या प्लॉटवर मी गेलो होतो. मालकांनी वापरलेली एक मोठी एसयूव्ही गाडी घेतली होती. सकाळी माल भरून गाडी शेतरस्त्यावरून डांबरी सडकेला लागली आणि वळतानाच पुढचे डावे चाक बाहेरच्या बाजूला आडवे झाले. गाडी त्या कोपऱ्यावर खाली बसली. वेग बैलगाडीइतकाच होता, म्हणून कोणाला लागले नाही. भेंडी मात्र दुपारपर्यंत उन्हात राहिली. कारागिराने सांधा उघडून दाखवला, तेव्हा आत वंगण नावालाही नव्हते. तांबडा गंज आणि वाळलेला चिखल होता. मालक म्हणाले, "साहेब, लावणीत गाडी बांधावर फसली होती. रबर तेव्हाच फाटलं असणार. दिवाळीपासून खटखट येत होती, पण म्हटलं हंगाम होऊ दे." म्हणजे आषाढात शिरलेले पाणी माघात बाहेर बोलले. हाच प्रसंग माळशेजच्या उतारावर घडला असता तर काय झाले असते, ते सांगायला नको.

हा सांधा म्हणजे काय?

आपल्या मांडीचे हाड कमरेत जिथे बसते तो खुबा. हाडाचे टोक गोटीसारखे गोल आणि ते बसते वाटीसारख्या खोबणीत. म्हणून शाळेच्या पुस्तकात याला उखळीचा सांधा म्हणतात. अशा सांध्यामुळे पाय पुढे-मागेही जातो आणि बाजूलाही फिरतो. गाडीचा बॉल जॉइंट अगदी असाच असतो. पोलादी दांड्याच्या टोकाला घासून गुळगुळीत केलेली गोटी असते. ती वाटीत बसते, भोवती ग्रीस असते आणि वरून रबरी टोपी असते. कारागीर या टोपीला 'बूट' म्हणतात.

आपल्याकडे महिंद्रांनी १९४०च्या दशकात जीपची जुळणी सुरू केली. त्या जुन्या जीपचा पुढचा आख अखंड असे आणि तो पाट्यांवर बसवलेला असे. चाक वळायला किंग पिन असे. १९९४ साली आलेली सुमो, २००० सालची बोलेरो, २००२ सालची स्कॉर्पिओ अशा गाड्यांनी गावोगावची जीप मागे टाकली. पुढची दोन्ही चाके स्वतंत्रपणे वर-खाली होणारी रचना त्यांच्यामुळे गावात आली. एक चाक खड्ड्यात गेले तरी दुसऱ्याला हादरा कमी बसतो, हा त्या रचनेचा फायदा. पण अशा चाकाला धरून ठेवतात ते वरचे-खालचे दोन दांडे, आणि दांडा व चाक यांच्यामध्ये असतो हा बॉल जॉइंट. बऱ्याच मोठ्या गाड्यांत स्प्रिंग किंवा टॉर्शन बार खालच्या दांड्याला जोडलेला असतो. अशा गाडीत त्या कोपऱ्याचा भार खालच्या बॉल जॉइंटवर येतो. म्हणून तो आधी झिजतो.

अकाली का जातो?

बूट शाबूत आणि रस्ता बरा असेल तर हा सांधा लाखभर किलोमीटरही टिकतो. आपल्याकडे तो त्याच्या निम्म्यातही गेलेला दिसतो. त्याची कारणे अशी :

१. रबरी बूट फाटणे. हे सर्वांत मोठे कारण. दगड लागून, उन्हाने तडकून, डिझेल-ऑइल पडून रबर खराब होते. मग आत पाणी व चिखल शिरतो. पाण्याने ग्रीस धुऊन जाते आणि गोटीला गंज चढतो. चिखलातील बारीक रेती कानशीसारखी घासते. पावसाळ्यात शेतरस्त्यावर, उन्हाळ्यात वीटभट्टीच्या धुळीत आणि खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीवर चालणाऱ्या गाडीला ही बाधा लवकर होते.

२. जादा भार. टपावर पोती आणि आत दहा-बारा माणसे असा भार झाला की प्रत्येक खड्ड्याचा दणका वाढतो. उतारावर ब्रेक दाबला की भार पुढच्या चाकांवर सरकतो. म्हणून घाट उतरताना या सांध्याची खरी परीक्षा होते.

३. गाडी उंच करणे. टॉर्शन बार पिळून पुढचा भाग उचलणे, मापाबाहेरचे रुंद टायर लावणे, चाके बाहेर काढणे या हौसेने सांधा सतत वाकड्या कोनात राहतो व त्याच्यावरचा ताण वाढतो. कंपनीने ठरवलेले माप सोडू नये.

४. शॉकअप निकामी असणे. शॉकअप गेला की चाक रस्त्यावर आपटत राहते. त्याचे घाव सांध्यावर बसतात.

५. वाईट जोडणी. नवा सांधा बसवताना हातोड्याने बूट दुखावणे, नट अंदाजाने आवळणे, जुनीच स्प्लिट पिन पुन्हा घालणे किंवा मुळीच न घालणे. नवा माल अशाने थोड्या महिन्यांत जातो.

हे केवळ आपल्या रस्त्यांचे दुखणे नाही. अमेरिकेत २००४ साली डेमलर-क्रायस्लर कंपनीने डॉज ड्युरँगो व डॉज डकोटा या सुमारे ६ लाख गाड्या याच सांध्यासाठी परत बोलावल्या. वरच्या बॉल जॉइंटमध्ये पाणी शिरून वंगण जात होते, गंज चढत होता आणि चाक निखळण्याचा धोका होता. तिथल्या चांगल्या सडकांवर जे पाणी हे करते, ते आपल्या लावणीच्या चिखलात किती करील याचा विचार करावा.

गाडी आधी सांगते

हा सांधा बहुधा एकाएकी जात नाही. आधी खुणा देतो. त्या ओळखा :

— सावकाश जाताना खड्ड्यात किंवा गतिरोधकावर पुढून 'खट्-खट्' असा आवाज येतो.
— गाडी उभी असता स्टिअरिंग फिरवले की कोरड्या दारासारखे कुरकुरते.
— सरळ रस्त्यावर गाडी डावी-उजवीकडे भटकते किंवा एका बाजूला ओढते.
— वळण झाल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही, अडखळते.
— पुढच्या टायरची एकच कड झिजते.

यांतील काही खुणा इतर बिघाडांतही दिसतात. म्हणून खूण दिसली की तपासणी करावी. "आवाज आहे, पण गाडी चालते ना" असे म्हणून सोडून देऊ नये. शेवटी गोटी वाटीतून निसटते किंवा दांड्याची मान तुटते. मग चाक आडवे होते आणि स्टिअरिंग हातात असून उपयोग नसतो. त्या झटक्यात ब्रेकची नळी तुटली तर ब्रेकचाही भरवसा राहत नाही.

तपासणी कशी करावी?

आधी नुसत्या डोळ्यांनी पाहा. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा. चाकामागे बॅटरीचा प्रकाश टाका. खालचा बूट फाटलेला, तडकलेला, चपटा झालेला आहे का? भोवती ग्रीस उडालेले आहे का? हे पाच मिनिटांचे काम घरचा कोणीही करू शकतो.

ढिलाई पाहण्यासाठी गाडी सपाट, टणक जमिनीवर घ्या. हँडब्रेक ओढा. उरलेल्या चाकांना पुढे-मागे दगड लावा. स्प्रिंग किंवा टॉर्शन बार खालच्या दांड्याला असेल तर जॅक त्या दांड्याखाली, चाकाच्या जवळ लावावा आणि चाक जमिनीपासून थोडे उचलावे. जॅक चासीखाली लावला तर स्प्रिंगचा दाब सांध्यावर तसाच राहतो आणि ढिलाई लपून राहते. अनेकदा तपासणी इथेच चुकते. ज्या गाड्यांत स्प्रिंग शॉकअपभोवती उभी बसवलेली असते, त्यांत मात्र जॅक कंपनीने दाखवलेल्या जागी लावावा. दोन्ही वेळी चासीखाली जाड लाकडी ठोकळा ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात-डोके घालू नये.

आता टायरखाली पहार घालून हलकेच उचका. दुसऱ्याने सांध्याकडे पाहावे. दांडा व चाकाची बैठक यांत वर-खाली हालचाल दिसली तर सांधा ढिला आहे. नंतर टायर वर व खाली धरून हलवा. चाक डुगडुगले तर ढिलाई सांध्याची की बेअरिंगची, हे कळायला एकाने ब्रेक दाबून धरावा. ब्रेक दाबल्यावर डुगडुगणे थांबले तर दोष बेअरिंगचा. तरीही चालू राहिले तर बॉल जॉइंटकडे पाहावे. टायर डावी-उजवीकडे धरून हलवताना ढिलाई लागली तर बहुधा टाय रॉडचे टोक झिजलेले असते. किती ढिलाई चालते याचे माप प्रत्येक गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात असते. काही सांध्यांना ते शून्य असते. शंका असेल तर कारागिराकडून माप घ्यावे.

निगा आणि दुरुस्ती

सांध्याला ग्रीस निपल आहे का, ते पाहा. असेल तर पुस्तकात सांगितलेल्या मुदतीत, आणि गाडी खोल चिखलात फसली असेल तर मुदतीआधीच ग्रीस भरा. निपल पुसून घ्यावे, म्हणजे धूळ आत जाणार नाही. बूट किंचित फुगला की थांबावे. जोराने जादा ग्रीस भरल्यास बूटच फाटतो. निपल नसेल तर तो सांधा कायमचा ग्रीस भरून बंद केलेला असतो. तेथे बूट जपणे एवढेच आपल्या हाती आहे. गाडी धुताना जोराच्या पाण्याचा फवारा बुटावर सरळ मारू नये.

बूट नुकताच फाटला असेल, आत घाण गेली नसेल आणि त्या मापाचा बूट मिळत असेल तर तो बदलून भागते. पाणी शिरून दिवस झाले असतील तर नवा बूट घालणे म्हणजे कीड लागलेल्या धान्यावर कणगीचे झाकण घालणे. सांधाच बदलावा. काही गाड्यांत तो दांड्यासकट बदलावा लागतो. बदलताना कारागिराकडे या गोष्टींचा आग्रह धरा : माल खात्रीचा व बिलासह असावा, नट मापाच्या पान्याने आवळावा, स्प्लिट पिन नवी असावी, दुसऱ्या बाजूचा सांधाही पाहावा आणि शेवटी चाकांचे अलाइनमेंट करावे. जुना सांधा मागून घ्या व उघडून पाहा. कोरडा होता की गंजलेला, हे कळले म्हणजे नवा कसा जपायचा तेही कळते.

वर्षाचे वेळापत्रक

पिकाला जसे वेळापत्रक असते तसे यालाही ठेवा :

१. मृगाआधी बूट पाहा. तडा असेल तर पाऊस पडण्यापूर्वी दुरुस्ती करा.
२. लावणी आटोपली की गाडीचा खालचा चिखल साध्या पाण्याने धुऊन काढा व बूट पुन्हा पाहा.
३. भातकापणी झाली आणि भाजीचा हंगाम सुरू व्हायचा आहे, अशा वेळी जॅक लावून ढिलाई तपासा. पावसात शिरलेले दुखणे याच वेळी सापडते.
४. वापरलेली गाडी घेताना रंग व गाद्या पाहण्याआधी हीच तपासणी करून घ्या.

खटखट वाढली आणि स्टिअरिंगही भटकू लागले, तर त्या दिवशी घाट उतरू नका, माणसे बसवू नका. कारागिराला गाडीपाशी बोलवा. ओढून न्यावी लागलीच तर पुढची चाके उचलून न्या.

बंधू-भगिनींनो, पूर्वी आपले वाडवडील गाडी जुंपण्याआधी चाकाची खीळ हाताने चाचपत आणि आखाला वंगण घालत. त्याशिवाय बैलाच्या मानेवर जू ठेवत नसत. गाडी बदलली तरी ती सवय सोडण्याचे कारण नाही. आज संध्याकाळी गाडी अंगणात आली की बॅटरी घ्या आणि पुढच्या चाकामागे एकदा वाकून पाहा.